रिकामी वास्तू, तात्पुरती कलाकृती : काही प्रश्न

नाशिकच्या जुन्या गावठाणात एखादा वाडा कोसळतो किंवा उतरवून घेतला जातो, तेव्हा शेजारच्या वाड्याशी असलेली सामाईक भिंत काही काळ उघडी राहते. गेलेल्या घराचा उभा छेदच त्या भिंतीवर उमटलेला असतो. खाली चुलीच्या काजळीचा पट्टा, त्याच्या जरा वर देवळी आणि दिव्याच्या तेलाने काळवंडलेली तिची कड, माडीच्या पातळीवर नीळ घातलेल्या चुन्याची एक खोली आणि तिला लागून पोपटी ऑइलपेंटची दुसरी, तुळया जिथे घुसल्या होत्या ती चौकोनी भोके, जिन्याची तिरकी रेघ, खुंटी, दिनदर्शिकेचा खिळा. पोपटी खोली नव्या सुनेसाठी रंगवली असावी, निळसर खोलीत म्हातारी माणसे निजत असावीत, असले तर्क रस्त्याने जाणारा माणूस सहज करू शकतो. जे घरच्यांखेरीज कोणी पाहिले नव्हते, ते आता भाजी घ्यायला निघालेला कोणीही पाहतो. या भिंतीला कोणी कलाकृती म्हणत नाही. मात्र परित्यक्त वास्तूंचे तात्पुरत्या कलाकृतींत रूपांतर करणाऱ्या, गेल्या अर्धशतकात जगभर रूढ झालेल्या कलाव्यवहाराचा विचार करावयाचा, तर या भिंतीपासूनच आरंभ करणे इष्ट. ती कलाकृती का नाही आणि कलाकृती झाल्यावर तिच्यात काय येते व तिच्यातून काय जाते, या दोन प्रश्नांत या व्यवहाराचे बहुतेक सगळे सौंदर्यशास्त्र सामावलेले आहे.

अशी भिंत साहित्यात यापूर्वी आलेली आहे. रिल्केच्या 'माल्टे लाउरिड्स ब्रिग' (१९१०) या गद्यकृतीत पॅरिसमधील पाडलेल्या घरांच्या उरलेल्या शेवटच्या भिंतीचे वर्णन आहे. तेथे राहून गेलेल्या माणसांची आजारपणे, त्यांचे श्वास आणि वास त्या भिंतीला चिकटून राहिलेले निवेदकाला जाणवतात. भिंतीची ओळख पटताच तो तेथून पळ काढतो. ज्याला ओळखावे त्याच्यापासूनच पळावे लागावे, हा तेथील अनुभवाचा गाभा आहे. गॉर्डन मॅटा-क्लार्क या अमेरिकन कलावंताने १९७२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स आणि लोअर ईस्ट साइड भागांतील अर्धवट पाडलेल्या इमारतींच्या नेमक्या अशाच भिंतींची छायाचित्रे घेतली, ती वृत्तपत्री कागदावर रंगांत छापली आणि 'वॉल्सपेपर' या नावाने प्रदर्शित केली. रिल्केचा निवेदक पळाला, तर मॅटा-क्लार्क थांबला आणि पुढच्या दोन वर्षांत त्याने करवत हाती घेतली. पळणे आणि करवत चालवणे या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात प्रस्तुत विषयाची चर्चा करावी लागते.

या चर्चेतले पहिले विघ्न शब्दाचेच आहे. 'परित्यक्त' ही संज्ञा बाहेरून आलेल्या कल्पनेला संस्कृताचा पेहराव चढवून बनवलेली आहे. ती वापरताना एक गृहीत नकळत स्वीकारले जाते : वास्तू होती, माणसे होती, माणसांनी वास्तू टाकून दिली. मराठीच्या स्वतःच्या शब्दकळेत याबाबतीत बरेच बारकावे आहेत. 'पडीक' हे विशेषण मुळात जमिनीचे असून ती आज पेरलेली नाही, उद्या पेरली जाईल, असा काळ त्यात दडलेला आहे. 'ओसाड' म्हणताना वस्ती उठून गेल्याची नोंद होते. 'भग्न' शब्दात कोणीतरी भंग केल्याची सूचना असते, निदान शब्दाच्या घडणीत तरी. 'बेवारस' हा तर सरळ वारसाहक्काच्या कायद्यातला शब्द. या चार शब्दांपैकी एकही जुन्या नाशकातल्या पडक्या वाड्याला नीट लागू पडत नाही. हा वाडा बेवारस नसतो. उलट त्याला वारस फार असतात. एका मूळ पुरुषाच्या चार-पाच पिढ्यांच्या शाखा, त्यांतले काही पुण्या-मुंबईला, काही परदेशी, वाटणीचा दावा न्यायालयात आणि वाड्यात मात्र भाडेकरू. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली. तो कायदा जाऊन १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा २००० साली अंमलात आला, तरी जुन्या भाड्यांची आणि दुरुस्तीच्या खर्चाची तोंडमिळवणी झाली नाही. त्या भाड्यात परवडत नाही म्हणून मालक दुरुस्ती करत नाही, घर आपले नाही म्हणून भाडेकरू करत नाही आणि वाटणी झालेली नाही म्हणून वारसही करत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागते. सर्व संबंधितांना तिचा अर्थ कळतो, कारण वाडा पडला की हक्कांचे अनेक गुंते आपोआप सैल होतात. अशा वास्तूच्या बाबतीत परित्याग ही घटना नसते, ती एक संथ पद्धत असते. तिच्यात कोणी वास्तू सोडून जात नाही. सगळे मिळून तिच्या पडण्याची वाट पाहतात.

पडक्या वास्तूच्या सौंदर्याचे जे तत्त्वज्ञान युरोपात घडले, त्याला ही परिस्थिती पेलत नाही. गेऑर्ग झिमेलचा 'भग्नावशेष' हा निबंध (१९११ च्या त्याच्या संग्रहात तो समाविष्ट आहे) या संदर्भात अजूनही सर्वांत सूक्ष्म म्हणावा लागेल. मनुष्याची ऊर्ध्वगामी इच्छा आणि निसर्गाची अधोगामी ओढ यांचा समतोल वास्तुकलेत साधलेला असतो. भग्नावशेषात तो निसर्गाच्या बाजूने झुकतो आणि तरीही नवे, अर्थपूर्ण ऐक्य निर्माण होते, असे त्याचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. माणसांनी मुद्दाम पाडलेल्या वास्तूत हे सौंदर्य नसते, हेही तो नोंदवतो. पण त्याची तिसरी नोंद येथे अधिक महत्त्वाची आहे. ज्या भग्न वास्तूत माणसे अजून राहतात, तिच्यापाशी त्याचे मन अस्वस्थ होते. इटलीत मुख्य रस्त्यांपासून दूर अशी घरे त्याने पाहिली होती. वास्तू पडू देणारी माणसे निसर्गाच्या विनाशकार्यात भागीदार झाल्यासारखी त्याला वाटतात आणि त्यामुळे समतोलाचा आनंद विस्कटतो. झिमेलला ज्या ठिकाणी आस्वाद थांबवावासा वाटला, त्या ठिकाणी जुन्या नाशकातील निम्मी वस्ती राहते. गोदाकाठच्या काझीच्या गढीवर तर दर पावसाळ्यात कड ढासळण्याच्या भीतीने रहिवाशांना हलवण्याच्या नोटिसा निघतात आणि पाऊस ओसरला की माणसे परततात. तात्पुरतेपण हा येथे कलावंताने निवडलेला गुण नाही, ती राहण्याची अट आहे.

या दोन तात्पुरतेपणांतला भेद न करता 'क्षणभंगुर कला' या विषयावर जे लिहिले जाते, ते बहुधा गोड असते आणि उपयोगाचे नसते. 'मृत वास्तूत प्राण फुंकले' हे वाक्य प्रदर्शनांच्या पत्रकांत इतक्या वेळा येते, की त्यातला अर्थ निघून जाऊन केवळ प्रथा उरली आहे. वास्तू मृत होती काय, असल्यास तिला कोणी मारले आणि प्राण फुंकल्यानंतर त्या प्राणाचे भाडे कोणी घेतले, असे प्रश्न त्या वाक्याच्या पोटात असतात. समीक्षेने ते बाहेर काढले पाहिजेत.

मॅटा-क्लार्कच्या १९७४ च्या 'स्प्लिटिंग' या कृतीकडे या दृष्टीने पाहता येते. न्यू जर्सीतील एंगलवूड येथील एक साधे लाकडी घर, पाडण्यासाठी नेमलेले. ते कलासंग्राहक दांपत्याच्या मालकीचे होते आणि त्यातील भाडेकरूंना आधीच बाहेर काढण्यात आले होते. कलावंताने घराच्या मध्यातून उभा छेद घेतला आणि मागच्या बाजूचा पाया तासून तो अर्धा भाग किंचित मागे कलवला. छपरापासून जोत्यापर्यंत उजेडाची पाचर घरात शिरली. काही महिन्यांत घर पाडले गेले. मागे राहिली छायाचित्रे, फिल्म आणि कापून काढलेले छपराचे चार कोपरे. हे कोपरे पुढे संग्रहालयात पोचले. या कृतीचे वर्णन बहुधा अवकाशाच्या परिभाषेत, पोकळी, प्रकाश, घनता अशा शब्दांत केले जाते आणि ते खोटे नाही. पण आत राहणारे लोक सामान मागे टाकून गेले होते, ही बाब ध्यानात घेतली तर तोच छेद वेगळा दिसतो. घर दुभंगते तेव्हा भौमितिक घन दुभंगतोच, पण एक संसारही दुभंगतो, आणि त्या संसाराची संमती कोणी घेतलेली नव्हती. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, पॅरिसमध्ये पाँपिदू केंद्राचे बांधकाम चालू असताना त्याच्या शेजारच्या सतराव्या शतकातील दोन घरांतून मॅटा-क्लार्कने शंकूच्या आकाराचे आरपार भोक पाडले. ही घरेही पाडली जाणार होती. रस्त्यावरच्या माणसाला त्या भोकातून जुन्या घराचे थर दिसत आणि त्याच दृश्यात नव्या सांस्कृतिक केंद्राचा लोखंडी सांगाडाही दिसे. 'कॉनिकल इंटरसेक्ट' हे या कृतीचे नाव. 'स्प्लिटिंग'पेक्षा ती सरस आहे, असे निःसंकोचपणे म्हणता येते. कारण घर कशासाठी रिकामे झाले, हे तेथे चौकटीच्या बाहेर राहत नाही. पाडणे आणि बांधणे, जुने घर आणि ते ज्याच्यासाठी हटवले जात आहे ती नवी संस्था, ही दोन्ही टोके एकाच नजरेत येतात.

रेचल व्हाइटरीडची 'हाउस' (१९९३) ही कृती याच कसोटीवर आणखी पुढे जाते. पूर्व लंडनमधील ओळीतली शेजारची घरे पाडली गेली होती, एकच शेवटचे घर उरले होते आणि त्याच्या रहिवाशाने हलण्यास दीर्घ काळ विरोध केला होता. घर रिकामे झाल्यावर आतल्या भिंतींवर काँक्रीटचा थर देऊन नंतर बाहेरचे घर सोलून काढण्यात आले. उभा राहिला तो खोल्यांमधल्या हवेचा ओतीव साचा. शेगड्यांचे खळगे फुगवटे होऊन बाहेर आलेले, खिडक्या आंधळ्या, दारे उलटी. त्यात राहता येत नाही, आत शिरता येत नाही. ज्या दिवशी या कृतीसाठी व्हाइटरीडला टर्नर पारितोषिक जाहीर झाले, त्याच दिवशी स्थानिक पालिकेने ती पाडण्याचा निर्णय घेतला. १९९४ च्या जानेवारीत ती पाडली गेली. अनेकांनी तिला थडगे म्हटले, आणि ती उपमा कदाचित जास्तच सोयीची आहे, कारण थडग्यात नाव असते. 'हाउस'मध्ये कोणाचेही नाव नव्हते. होता तो केवळ माणसाच्या वावराएवढ्या मापाचा नकार. जो रिकामा झाला तो अवकाश भरून टाकून त्या रिकामेपणाला घनरूप देणे, ही कल्पना 'प्राण फुंकण्या'च्या अगदी उलट आहे. तिचे सामर्थ्य त्यातच आहे.

भारतातील, विशेषतः मुंबईतील उदाहरणांकडे वळताना एक ऐतिहासिक बाब विसरता येत नाही. येथे रिकाम्या वास्तूंचा सर्वांत मोठा साठा १९८२ च्या गिरणी संपानंतर निर्माण झाला, आणि त्याच्या वाट्याला कला फारशी आली नाही. मॉल, कार्यालये आणि मनोरे आले. कुलाब्याची आगीत जळालेली मुकेश मिल चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी वापरली जात राहिली. परित्यक्त वास्तूच्या कलात्मक पुनर्वापराचे मुंबईतील सर्वांत प्रदीर्घ उदाहरण कदाचित हेच असेल, पण तेथे गिरणीला गिरणी म्हणून कोणी विचारले नाही. ती मारामारीची किंवा भुताची पार्श्वभूमी झाली. गिरणगावाची खरी कलाकृती पाहायची तर जयंत पवारांच्या 'अधांतर'कडे (१९९७) जावे लागते, आणि तेथे गिरणी रंगमंचावर नाहीच. आहे ती चाळीतली खोली.

नलिनी मलानी यांनी १९९२ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर 'सिटी ऑफ डिझायर्स' ही कृती रेखाटली. सुमारे पंधरवड्याने त्या भिंती पुन्हा पांढऱ्या करण्यात आल्या. गॅलरी अर्थातच परित्यक्त वास्तू नव्हे; येथे ही कृती आठवण्याचे कारण वेगळे आहे. राजस्थानातील नाथद्वाऱ्याच्या एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रांची जी हेळसांड चालली होती, तिच्याशी या चित्रांचे नाते कलावतीने जोडले होते. दूरची एक वास्तू हळूहळू आपली चित्रे गमावत असताना येथे चित्रे ठरवून, सर्वांसमक्ष गमावली गेली. तात्पुरतेपणाचा असा युक्तिवाद म्हणून केलेला उपयोग विरळा आहे. नाशिकच्या वाचकाला या संदर्भात चांदवडचा होळकरकालीन रंगमहाल आठवल्यावाचून राहणार नाही. तेथील भित्तिचित्रांची झीज कोणत्याही प्रदर्शनाच्या तारखा न पाळता चालत आली आहे.

२०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईच्या ससून डॉकवर 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने भरवलेला कलाप्रकल्प हे मराठी मुलखातील प्रस्तुत विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण. १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी. तिची वापरात नसलेली गोदामे देशी-परदेशी कलावंतांच्या रचनांनी भरली गेली. सिंगापूरच्या टॅन झी शी यांचा प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा समुद्र प्रेक्षकाच्या डोक्यावर तरंगत होता. 'इनसाइड आउट' या उपक्रमात गोदीतल्या कष्टकऱ्यांच्या, विशेषतः कोळी समाजातील माणसांच्या मोठ्या तसबिरी भिंतींवर डकवल्या होत्या. एरवी नाकाला रुमाल लावून ज्या रस्त्यावरून लोक जात, तेथे रांगा लागल्या. या प्रकल्पाची एक बाजू निःसंशय मोलाची आहे : प्रवेशाला किंमत नव्हती, आणि कलादालनाची पायरी कधी न चढलेले प्रेक्षक तेथे आले. पण त्याच्याविषयी जे लिहिले-बोलले गेले, त्यात 'विस्मृतीत गेलेली गोदी पुन्हा जिवंत झाली' हा सूर वारंवार ऐकू आला. ससून डॉक विस्मृतीत गेलेली नव्हतीच. पहाटे मासळीचा लिलाव होत होता, बर्फ फुटत होता, कोळंबी सोलणाऱ्या बायका खाली बसलेल्या होत्या. विस्मृती होती ती पाहणाऱ्याची. ज्यांचे चेहरे भिंतीवर मोठे झाले, त्यांचे गोदीवरचे हक्क, जागेचा करार, मासेमारीचे भवितव्य हे विषय चेहऱ्याच्या मापाने मोठे झाले नाहीत. तसबीर गौरव करते, पण गौरव करताना ती प्रश्नाला व्यक्तीच्या सुरकुत्यांत रूपांतरित करते. याउलट गोदीचा वास मात्र कोणत्याही रचनेला आवरता आला नाही, तो प्रत्येक दालनात शिरला. प्रकल्पातला सर्वांत प्रामाणिक घटक तोच होता असे म्हटल्यास संयोजकांना कदाचित राग येणार नाही.

कोचीच्या बिएनालेने २०१२ पासून ॲस्पिनवॉल हाउससारख्या जुन्या व्यापारी वखारींचा केलेला वापर या साखळीत मोडतो. तिचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले. तेथील अनुभवाचा तपशील वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे इतकेच नोंदवावे, की दर खेपेस परत येणारे तात्पुरतेपण हळूहळू कायमच्या संस्थेचे रूप घेते, आणि मग वास्तूचे रिकामेपण टिकवून ठेवणे हीच संस्थेची गरज होऊन बसते.

मराठी सौंदर्यविचाराकडे या कलाव्यवहारासाठी काही परिभाषा आहे काय? मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'मधील लयतत्त्वाचा, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांचा, उपयोग 'कॉनिकल इंटरसेक्ट'च्या वर्णनासाठी चांगला होतो. जुन्या घराची काटकोनी रचना आणि तिला छेदणारा शंकू यांत विरोधलय आहे हे कोणीही दाखवू शकेल. पण मर्ढेकरांची मांडणी कलाकृतीला स्वायत्त, स्वतःच्या माध्यमात पूर्ण असलेली घटना मानते. माध्यम काय, असे येथे विचारले तर उत्तर 'वीट आणि लाकूड' असे देऊन भागत नाही. माध्यमात भाडेकरार, नोटीस आणि शेजार हेही येतात. या घटकांना लयसंबंधांत कसे बसवावे, याचे उत्तर त्या व्यूहात नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद या दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचाराची जी आंदोलने दाखवली, ती अधिक उपयोगाची आहेत. पडक्या वास्तूतील कलाकृती हे त्या दोन ध्रुवांमधले जवळजवळ प्रयोगशाळेतले उदाहरण आहे. ज्या क्षणी गोदामात दिवे लावले जातात आणि प्रेक्षक हळू आवाजात बोलू लागतात, त्या क्षणी वास्तू अलौकिकाकडे सरकते. ज्या क्षणी छपरातून पाणी गळते किंवा जुना रहिवासी आपले दार कोठे होते ते बोट दाखवून सांगतो, त्या क्षणी ती लौकिकात परतते. चांगल्या कृतीत ही ये-जा थांबत नाही. सामान्य कृतीत ती उद्घाटनाच्या दिवशीच थांबते.

नाशिकच्या संदर्भात आणखी एका गोष्टीचा विचार अटळ आहे, आणि ती म्हणजे रहाड. जुन्या नाशकातल्या काही चौकांत रस्त्याखाली पेशवेकालीन मानले जाणारे दगडी हौद आहेत. वर्षभर ते लाकडी ओंडके आणि मातीने झाकलेले असतात. वरून माणसे, गाड्या, जनावरे जातात आणि परगावच्या माणसाला आपण कशावरून चाललो आहोत याचा पत्ताही नसतो. रंगपंचमीपूर्वी माती उकरून रहाड उघडली जाते, धुतली जाते, पाण्याने भरली जाते. एकीचा रंग पिवळा, दुसरीचा केशरी, तिसरीचा गुलाबी असा ज्याच्या त्याच्या परंपरेने ठरलेला. मानकऱ्यांच्या हातून पूजा झाली की लोक त्यात उड्या घेतात, 'धप्पा' मारतात, आणि दिवस संपल्यावर रहाड पुन्हा बुजवली जाते. वास्तूचे तात्पुरत्या रंगकृतीत रूपांतर म्हणावे असे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. त्यात कलावंत नाही, स्वाक्षरी नाही, प्रेक्षक नाही, कारण जो पाहायला येतो तो रंगून निघतो. कृती संपल्यावर वास्तू पाडली जात नाही किंवा संग्रहालयही होत नाही. ती पुन्हा रस्ता होते. मॅटा-क्लार्कचे घर एकदाच दुभंगू शकले. रहाडीचे तात्पुरतेपण आवर्तनाचे आहे, आणि ते सांभाळण्याचे काम चौकाकडे, तालमीकडे, घराण्याकडे आहे.

येथे एक मोह संभवतो आणि तो वेळीच ओळखलेला बरा. 'आमच्याकडे हे पूर्वीपासून होतेच' असे म्हणून पाश्चात्त्य कलाव्यवहाराला निकालात काढणे हा देशीवादाच्या सोप्या आवृत्तीतला आवडता डाव आहे. गणपतीचे विसर्जन, अंगणातली रांगोळी, कुंभमेळ्यात उभे राहून मोडले जाणारे साधुग्राम अशी यादी मग लांबत जाते. पण रहाड ही परित्यक्त वास्तू नव्हे. ती झाकून ठेवलेली वास्तू आहे आणि तिच्यावरचा हक्क कधी संपलेला नाही. शिवाय मान ही जशी सामावून घेण्याची व्यवस्था असते तशीच वगळण्याचीही असते. कोणत्या जागी कोणाला पाऊल टाकता येते, हा प्रश्न याच गावात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली विचारला गेला आणि तो सत्याग्रह पाच वर्षे चालला, हे स्मरणात ठेवून मगच रहाडीच्या सामूहिकतेविषयी बोलावे. रहाड जे शिकवते ते इतकेच, की तात्पुरत्या कृतीलाही दीर्घकालीन मालकी असू शकते आणि ती मालकी कोणाची हे सर्वांना ठाऊक असू शकते. ससून डॉकच्या गोदामांत नेमके हेच धूसर होते.

वाड्याच्या पडझडीचे सर्वांत गंभीर विश्लेषण मराठीत झाले ते दृश्यकलेत नव्हे, नाटकात. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तील (१९८५) धरणगावकर देशपांड्यांचा वाडा रिकामा नाही. तात्याजींच्या मृत्यूनंतर तो माणसांनी भरलेला आहे. तेराव्याचा खर्च, दागिने, जमीन, शहरात गेलेल्या भावाचा वाटा यांच्या बोलण्यातून तो भरलेल्या अवस्थेतच रिकामा होत जातो. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हा त्या वाड्यातला सर्वांत आधुनिक आणि सर्वांत मृत पदार्थ आहे. 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'पर्यंत पोचताना हा रिकामेपणा वाड्याबाहेर पसरून गावाला, मग जमिनीला ग्रासतो. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये 'आविष्कार'साठी ही त्रिनाट्यधारा सलग सादर केली, तेव्हा एका दिवसाच्या प्रयोगात तीन काळांतला वाडा उभा राहिला आणि प्रयोग संपल्यावर उतरवला गेला. नेपथ्य हेही अखेर तात्पुरते घरच असते. पण एलकुंचवारांच्या नाटकाचा विशेष असा, की वाडा पडतो आहे यापेक्षा तो कोणाच्या कोणत्या व्यवहारामुळे पडतो आहे याकडे प्रेक्षकाचे लक्ष सतत ओढले जाते. वाड्याविषयी हळहळ वाटू लागली रे लागली की कोणीतरी पैशाचा विषय काढते.

दृश्यकलावंताने नाटककाराचे अनुकरण करावे असा याचा अर्थ नव्हे. पण उद्या जुन्या नाशकातील एखाद्या वाड्यात असा प्रकल्प उभा राहिला, तर त्याची समीक्षा कोठून सुरू करावी याचा अंदाज यावरून बांधता येतो. जतन झालेला सरकारवाडा आणि नोटीस लागलेले वाडे यांच्यामध्ये कलेला एक तिसरी जागा आहे, हे मान्य करण्यास हरकत नाही. मात्र त्या जागेत शिरताना वाड्याच्या दारावरची नोटीस काढून तेथे प्रकल्पाचे पत्रक लावले गेले की नोटीस तशीच ठेवून तिच्या शेजारी पत्रक लावले गेले, हा तपशील भिंतीवर काय रंगवले यापेक्षा अधिक बोलका ठरेल.

आरंभी वर्णन केलेल्या उघड्या भिंतीचे पुढे काय होते, हे तेथील रहिवाशांना ठाऊक असते. ती शेजाऱ्याच्या घराची भिंत असते, आणि आता तिच्यावर थेट पाऊस पडणार असतो. आत ओल येऊ नये म्हणून मृगाच्या आधी तो पराती बांधून घेतो. काजळी, देवळी, निळसर खोली आणि पोपटी खोली यांच्यावर सिमेंटचा गिलावा चढतो. पैसे कमी असतील तर पत्रे ठोकले जातात. गवंड्याचे दोन दिवसांचे काम असते.